मारुला, मोंगोंगो आणि गोरखचिंच: बाटलीवरचं 'अँटिऑक्सिडंट' नेमकं कोणाच्या कामाचं?

प्रश्न: मुलगा बोत्सवानात, गाबोरोनेला नोकरीला आहे. सुट्टीवर येताना त्याने तिथल्या जंगली झाडांच्या बियांची तीन तेलं आणली: मारुला, मोंगोंगो आणि बाओबाब. तिन्हींवर 'कोल्ड प्रेस्ड' आणि 'अँटिऑक्सिडंट्सने समृद्ध' असं लिहिलंय. मारुलाच्या बाटलीवर तर 'संत्र्याच्या चौपट व्हिटॅमिन सी' असंही आहे. रोज चमचाभर पोटात घ्यावीत का? फोडणीला चालतील का? सासूबाईंच्या गुडघ्यांना लावली तर?

उत्तर:

ताई, सगळं वाचायला वेळ नसेल तर एवढंच लक्षात ठेवा. मारुलाचं तेल खायला हरकत नाही, पण बाटली खाण्यासाठी म्हणून भरलेली असेल तरच. मोंगोंगो तापवू नका. बाओबाबचं, म्हणजे गोरखचिंचेचं, तेल पोटात घेऊ नका. गुडघ्यांना तिन्ही चालतील. आता कारणं सांगतो. मी खाद्यतेलांच्या तपासणीत बरीच वर्षं आहे आणि असल्या बाटल्या घेऊन येणाऱ्यांची संख्या हल्ली वाढलीय.

आधी त्या व्हिटॅमिन सीचा निकाल लावू. मारुलाच्या फळाच्या गरात 'सी' भरपूर असतं, संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त, हे खरं आहे. पण ते पाण्यात विरघळणारं जीवनसत्त्व. तेल निघतं बाठ्याच्या आतल्या मगजातून, आणि त्यात 'सी' येत नाही, येऊ शकतही नाही. बाओबाबच्या बाबतीतही विक्रेते हाच खेळ करतात: पांढऱ्या आंबट गराचे गुण बियांच्या तेलावर चिकटवायचे. फळाचं श्रेय तेलाला देणारी बाटली दिसली की बाकीचे दावेही जरा चिमटीत धरूनच वाचावेत. मारुलाच्या वाट्याला अतिशयोक्ती तशीही फार. खाली पडलेली, आंबलेली फळं खाऊन हत्ती झिंगतात ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. हत्तीचं वजन आणि फळातला अल्कोहोल यांचा हिशेब मांडून काही शास्त्रज्ञांनी २००६ साली ती खोडून काढली, तरी पर्यटकांना ती अजून सांगितली जाते.

मारुला हे आंबा, काजू, चारोळी, बिब्बा यांच्या कुळातलं झाड. दक्षिण आफ्रिका, नामिबिया, बोत्सवाना, झिम्बाब्वेपासून वर सुदान आणि पश्चिम आफ्रिकेच्या सॅहेल पट्ट्यापर्यंत ते आढळतं. नर आणि मादी झाडं वेगळी, फळं फक्त मादीला. फळ हिरवंच गळून पडतं आणि जमिनीवर पिवळं होतं. आतला बाठा फोडणं हे खरं कष्टाचं काम. बायका कुऱ्हाडीच्या पात्यावर बाठा धरून त्यावर नेमका घाव घालतात, मग दोन-तीन खणांवरची बारीक झाकणं उडतात आणि दाभणासारख्या सुईने एकेक मगज उकरून काढावा लागतो. तेल महाग का, हे एक बाठा फोडून बघितला तरी कळेल. नामिबियाच्या उत्तरेला ओवाम्बो भागात हा मगज उखळात कुटतात आणि हाताने मळून, पिळून त्यातून 'ओंजोवे' नावाचं तेल काढतात. ते शिजवलेल्या कोंबडीवर किंवा पालेभाजीवर शेवटी घालतात, आपण भातावर तूप घालतो तसं. तळणीला नाही. त्याच भागात मारुलाच्या फळांचा जो हंगामी उत्सव होतो त्याला २०१५ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळालं.

आता तेलाकडे. मारुलात ओलिक नावाचं फॅटी ॲसिड साधारण ७० ते ७८ टक्के असतं. पामिटिक आणि स्टिअरिक ही संतृप्त ॲसिडं मिळून पंधरा-वीस टक्के, आणि लिनोलिक अगदी थोडं, चार ते सात टक्के. म्हणजे रचनेने ते ऑलिव्ह तेलाचं सख्खं भावंड. ही रचना समजली तर पुढचं सगळं समजेल, कारण तेल खवट होण्याचा वेग मुख्यतः तिच्यावर ठरतो. लिनोलिक हे ओलिकपेक्षा किमान दहापट वेगाने हवेतल्या ऑक्सिजनशी जुळतं. ज्या तेलात लिनोलिक कमी, ते मुळातच टिकाऊ.

आमच्याकडे तेलाचा टिकाऊपणा रॅन्सिमॅट नावाच्या यंत्रावर मोजतात. तेल शंभराहून जास्त अंशांवर तापवत ठेवायचं, त्यातून सतत हवा सोडायची आणि बिघाड सुरू व्हायला किती तास लागले ते बघायचं. सुदानमधल्या मारुलाच्या तेलावर जर्मन आणि सुदानी संशोधकांनी ही चाचणी केली तेव्हा ते १२० अंशांवर ४० तासांहून जास्त टिकलं. साधं सूर्यफुलाचं तेल याच तापमानाला दोन-तीन तासांत हात टेकतं. आकडा बघून कोणीही म्हणेल, यात अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिजनमुळे होणारा बिघाड रोखणारी द्रव्यं, ठासून भरलेली असणार. पण त्याच नमुन्यात टोकोफेरॉल, म्हणजे व्हिटॅमिन ई गटातली द्रव्यं, १०० ग्रॅममध्ये जेमतेम १४ मिलिग्रॅम निघाली. नेहमीच्या सूर्यफुलाच्या तेलात याच्या तिप्पट किंवा त्याहूनही जास्त असतात. मारुला टिकतं ते मुख्यतः त्यात सहज बिघडण्यासारखं फारसं काही नसल्यामुळे. स्टेरॉल आणि फिनॉल गटातल्या काही द्रव्यांचाही त्यात हात आहे असं मानतात, आणि मलाही ते पटतं. ऑलिव्हची रचना जवळपास तशीच असून ते इतकं टिकत नाही, त्यामुळे एकट्या ओलिकने हा हिशेब पूर्ण होत नाही.

मोंगोंगोची गोष्ट याच्या बरोबर उलट. हे एरंडाच्या कुळातलं झाड, कलाहारीच्या वाळूत वाढणारं. याच्या तेलात लिनोलिक ४० टक्क्यांच्या आसपास, आणि शिवाय अल्फा-इलिओस्टिअरिक नावाचं फॅटी ॲसिड साधारण एक चतुर्थांश. तीन दुहेरी बंध एकाआड एक असलेलं हे ॲसिड हवेशी आणि उजेडाशी झपाट्याने जुळतं. लाकडावर वॉर्निशसाठी जे टंग तेल वापरतात त्याचा मुख्य घटक हाच. आपल्या कारल्याच्या बियांच्या तेलातही हेच ॲसिड मोठ्या प्रमाणात असतं. आणि इतक्या नाजूक तेलात टोकोफेरॉल किती? १०० ग्रॅमला २०० मिलिग्रॅमच्या वर, बहुतेक सगळं गॅमा रूपातलं. लेबलवर लिहायला झकास आकडा. पण झाडाने ते तुमच्या-माझ्यासाठी साठवलेलं नाही. बी रुजेपर्यंत वाळूत महिनोन्महिने पडून राहते, तेवढ्या काळात आतलं नाजूक तेल खराब होऊ नये म्हणून ते आहे. जिथे बिघडण्याचा धोका मोठा, तिथे पहारा कडक.

मला या तिन्ही बाटल्यांबद्दल सांगायचं आहे ते एवढंच. तेलातली अँटिऑक्सिडंट ही आधी तेलाची राखण करतात. त्यांचा आकडा मोठा असणं म्हणजे तेल टिकाऊ असणं नव्हे, आणि तुमच्या शरीराला तेवढा फायदा होणं तर अजिबात नव्हे. लेबलवाले या तिन्ही गोष्टींची एकच मोळी बांधतात.

घरी बघायचं असेल तर एक सोपा प्रयोग आहे. काचेच्या पट्टीवर मारुलाचा एक थेंब, शेजारी मोंगोंगोचा एक थेंब, दोन्ही बोटाने पातळ पसरवून खिडकीत कडक उन्हात ठेवा. मारुला तेलच राहील. मोंगोंगोवर साय धरेल, मग चिकट होईल, आणि नखाने खरवडलं तर पापुद्रा निघेल. त्याच्याजवळ नाक नेलंत तर रंगाच्या डब्यासारखा वास येईल. एवढं 'ई' असूनही. म्हणूनच ते फोडणीला, तळणीला नको. बाटली गडद काचेची नसेल तर फॉइलमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा आणि उघडल्यावर दोन-तीन महिन्यांत संपवा.

आता शरीराचा हिशेब. चहाचा एक चमचा तेल म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम. मारुलाच्या अशा चमच्यातून टोकोफेरॉल मिळतं अर्ध्या मिलिग्रॅमच्या जरा वर. अमेरिकेतल्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला दिवसाला १५ मिलिग्रॅम अल्फा-टोकोफेरॉल लागतं. 'अल्फा' हा शब्द इथे महत्त्वाचा आहे, कारण टोकोफेरॉलची अल्फा, गॅमा अशी वेगवेगळी रूपं असतात. यकृतात एक प्रथिन असतं, ते आलेल्या टोकोफेरॉलमधून अल्फा निवडून रक्तात पुढे पाठवतं. गॅमाचा मोठा भाग शरीर तोडून बाहेर टाकतं. त्यामुळे मोंगोंगोचे २०० मिलिग्रॅम गॅमा तुमच्या गरजेच्या वहीत जवळजवळ जमा होतच नाहीत. सूर्यफुलाच्या एका चमच्यातून मात्र दोन मिलिग्रॅमच्या जवळपास मिळतं आणि ते बहुतांश अल्फाच. गॅमाचा शरीरात काहीच उपयोग नाही असं मी म्हणत नाही, त्यावर संशोधन चालू आहे. पण बाटलीवरच्या 'व्हिटॅमिन ई' या शब्दांनी जे वाटतं, ते हे नव्हे.

'अँटिऑक्सिडंट क्षमता' म्हणून जे टक्के छापतात ते बहुधा डीपीपीएच चाचणीचे असतात. मिथेनॉलमध्ये केलेलं गडद जांभळं द्रावण, त्यात नमुना टाकायचा आणि जांभळेपणा किती उतरला ते मोजायचं. मी स्वतः ही चाचणी असंख्य वेळा केली आहे आणि नमुन्यांची आपापसात तुलना करायला ती चांगली आहे. पण तेल मिथेनॉलमध्ये धड विरघळत नाही. शिवाय परीक्षानळीत पोट नसतं, आतडं नसतं, यकृत नसतं. अशाच एका दुसऱ्या मोजमापाचे, ओरॅकचे, खाद्यपदार्थांचे आकडे अमेरिकेच्या कृषी खात्याने आपल्या संकेतस्थळावर ठेवले होते. कंपन्या ते जाहिरातीत वापरू लागल्या, आणि त्या आकड्यांचा आरोग्याशी संबंध दाखवता येत नाही म्हणून २०१२ साली खात्याने ते काढून टाकले. त्याआधीच, २०११ साली, व्हिटॅमिन ईच्या गोळ्यांची 'सिलेक्ट' ही मोठी चाचणी निराशाजनक ठरली होती. ३५ हजारांहून अधिक पुरुषांच्या या चाचणीत रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटच्या कर्करोगाचं प्रमाण घटण्याऐवजी १७ टक्क्यांनी जास्त आढळलं. चमचाभर तेलाने असं काही होईल ही भीती घालायची नाही, ती मात्रा कुठेच जवळ येत नाही. पण 'अँटिऑक्सिडंट म्हणजे जितकं जास्त तितकं बरं' हे गृहीतक कसं कोसळलं ते कळावं म्हणून सांगितलं.

मग आफ्रिकेतली माणसं पिढ्यानपिढ्या यावर जगली ती उगाच का? उगाच नाही. पण ती तेलावर जगली नाहीत, मगजावर जगली. १९६० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड ली बोत्सवानाच्या वायव्य टोकाला दोबे भागात सान या आदिवासी लोकांमध्ये राहिले. त्यांच्या नोंदीप्रमाणे तिथला माणूस दिवसाला सरासरी ३०० मोंगोंगोचे मगज खात असे. वजन फक्त २०० ग्रॅमच्या वर थोडं, पण उष्मांक सुमारे ११०० ग्रॅम शिजवलेल्या भाताइतके आणि प्रथिनं ४०० ग्रॅम मांसाइतकी. मारुलाच्या मगजातही तेल सुमारे ५७ टक्के, प्रथिनं २८ टक्क्यांच्या आसपास आणि १०० ग्रॅममागे चारशेहून अधिक मिलिग्रॅम मॅग्नेशियम. लायसिन हे अमिनो ॲसिड तेवढं कमी पडतं. हे सगळं घाण्यात गेलं की प्रथिनं, मॅग्नेशियम, फॉस्फरस, तंतू पेंडीत राहतात आणि बाटलीत येतं फक्त तेल. शेंगदाणा आणि शेंगदाण्याचं तेल यांच्यात जो फरक, तोच इथे. पोषणाच्या नावाखाली मगजाचे गुण तेलाला लावणं ही व्हिटॅमिन सीच्या हातचलाखीचीच दुसरी आवृत्ती.

तेल म्हणून मारुला चांगलंच आहे, हे मात्र निःसंकोच सांगतो. ओलिकच्या बाजूने पुरावा बरा आहे. ओलिक ७० टक्क्यांहून जास्त असलेल्या तेलांवर अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने २०१८ साली एक मर्यादित दावा करायला परवानगी दिली. दिवसाला साधारण २० ग्रॅम असं तेल संतृप्त चरबीच्या बदल्यात घेतलं तर हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो, असा तो दावा. 'बदल्यात' म्हणजे बदल्यातच. नेहमीचं जेवण तसंच ठेवून वर सकाळी उपाशीपोटी एक चमचा मारुला, याने फक्त चाळीसेक कॅलरी वाढतात. आणि ओलिकच हवं असेल तर त्यासाठी गाबोरोनेहून बाटली यायची गरज नाही. भुईमुगाच्या गिरनार ४ आणि गिरनार ५ या २०२० साली आलेल्या भारतीय वाणांत ओलिक ८० टक्क्यांच्या घरात आहे, आणि जास्त ओलिक असलेली करडईही आता आपल्याकडे आहे. सोलापूर-मराठवाड्याची जुनी करडई मात्र यात धरू नका, ती लिनोलिकवाली.

राहिलं बाओबाब. हे झाड तुम्ही बघितलेलं आहे, आपण त्याला गोरखचिंच म्हणतो. वसईच्या किल्ल्यात आहेत, मांडूत तर डोंगरभर आहेत. भारतातली ही झाडं आफ्रिकेतूनच आली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात त्यांचं नातं आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरच्या झाडांशी जुळलं, आणि सागरी व्यापार व आफ्रिकी माणसांचं इकडे येणं यांच्याशी त्याचा संबंध जोडला गेला. त्याच्या गराला युरोपीय संघाने २००८ साली खाद्य म्हणून मान्यता दिली. ती गराला, बियांच्या तेलाला नाही, हे विक्रेते सांगत नाहीत.

तेलाची अडचण अशी की त्यात सायक्लोप्रोपेनॉइड गटातली फॅटी ॲसिडं असतात, स्टरक्युलिक आणि माल्व्हॅलिक. सरकीच्या कच्च्या तेलातही ती असतात. शरीरात संतृप्त चरबीला असंतृप्त करणारं जे विकर (एन्झाइम) असतं त्यालाच ती अडवतात. पोल्ट्रीवाल्यांना हे जुनं ठाऊक आहे: कोंबडीच्या खाद्यात कच्ची सरकी जास्त झाली की साठवलेल्या अंड्यांचा पांढरा बलक गुलाबी पडतो. ट्राउट माशांवरच्या १९६० च्या दशकातल्या प्रयोगांत या ॲसिडांनी अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषामुळे होणाऱ्या यकृताच्या कर्करोगाला जोर दिला. माणसांत असं सिद्ध झालेलं नाही. पण सरकीचं तेल रिफाइन करताना उच्च तापमानाला ही ॲसिडं बरीच कमी होतात म्हणून ते खातात, आणि तुमच्या बाटलीवर 'कोल्ड प्रेस्ड' लिहिलंय. इथे कच्च्या घाणीचा अभिमान उलटा पडतो. आफ्रिकेतही लोक या बिया भाजून किंवा आंबवून खातात, बुर्किना फासोतली 'मारी' अशीच आंबवून करतात. तपासायचं असेल तर प्रयोगशाळेत हॅल्फेन चाचणी मागा. तुपातली सरकीच्या तेलाची भेसळ पकडायला वापरतात तीच, लाल रंग आला की ही ॲसिडं आहेत. वसईच्या गोरखचिंचेच्या बिया गोळा करून लाकडी घाण्यावर तेल काढावं का, असं हल्ली कोणी कोणी विचारतं. लावण्यासाठी काढा, खाण्यासाठी नको.

सासूबाईंच्या गुडघ्यांना तिन्ही चालतील. त्वचा मऊ होईल, मालिशने आखडलेपणा सैल वाटेल. सांध्याच्या झिजेवर यातलं कोणतंही तेल औषध नाही, त्यामुळे सूज असेल किंवा रात्री दुखून झोपमोड होत असेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. काजू-पिस्त्याची ॲलर्जी घरात कोणाला असेल तर मारुला त्याच कुळातलं आहे. खाण्याआधी डॉक्टरांना विचारा आणि लावण्याआधी मनगटाच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस वाट बघा.

आता मारुलाची बाटली उलटीपालटी करून बघा. 'कॉस्मेटिक' किंवा 'बाह्य वापरासाठी' असं कुठेही लिहिलेलं असेल तर ती स्वयंपाकघरात नको. तेल चांगलं नाही म्हणून नव्हे, तर ते खाद्याच्या कसोट्यांवर तपासलेलं नसतं म्हणून. खाद्य असेल तर विक्रेत्याकडे दोन आकडे मागायला मुलाला सांगा: पेरॉक्साइड व्हॅल्यू (तेल हवेने किती बिघडलंय) आणि ॲसिड व्हॅल्यू (तेलातली ॲसिडं किती सुटी झालीत). कोल्ड प्रेस्ड तेलांसाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांची मर्यादा अनुक्रमे १५ आणि ४ आहे. हे दोन आकडे देता येत नाहीत पण अँटिऑक्सिडंटचे टक्के मात्र पाठ आहेत, असा विक्रेता मी तरी टाळतो. मारुला हलक्या परतण्याला, कोशिंबिरीला, वरून घालायला वापरा. तळणीत ते तांत्रिकदृष्ट्या टिकेल, पण त्या भावात कोण तळणार.

आणि मुलगा पुढच्या खेपेला विचारेल काय आणू, तर भाजलेला, सीलबंद मारुलाचा किंवा मोंगोंगोचा मगज सांगा. कच्च्या, रुजू शकणाऱ्या बिया आणल्या तर विमानतळावर प्लान्ट क्वारंटाइनवाले अडवतील. भाजलेला मगज आधी चावून बघा. खवट लागला तर सगळं पाकीट टाकून द्या, धुऊन किंवा पुन्हा भाजून खवटपणा जात नाही.